चौदावी ओळ

“दोनदा दाबलंय, साहेब. मोजून दोनदा,” भोसीकर म्हणाले, आणि चौकशी समितीच्या त्या खोलीत सगळ्यात आधी हसलो तो मी.

मग आमचे विभागप्रमुख डॉक्टर प्रभुणे हसले. मुख्यालयातून चौकशीसाठी आलेले डॉक्टर इनामके हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मोठ्या साहेबांचं हसणं असंच असतं.

“काय दोनदा दाबलंय, तात्या?” प्रभुण्यांनी विचारलं.

“ती कळ. उडी मारायची. टॅब का काय ती.”

“आणि त्यानं काय होतं?”

“जागा मोकळी ऱ्हाते.”

“ओझरकर,” प्रभुणे माझ्याकडे वळले, “यांना जरा समजावून सांगा, जागा मोकळी राहते का ते.”

मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि त्या ज्वारी संशोधन केंद्रात काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून संगणक चालवू शकणारा एकुलता एक माणूस होतो. आंधळ्यांच्या राज्यात एका डोळ्याच्या माणसाचं काय होतं ते मला अनुभवानं ठाऊक आहे. त्याला वाटतं, आपल्याला चार डोळे आहेत.

“भोसीकर,” मी म्हणालो, “तुम्ही दोनदा दाबा नाहीतर वीसदा दाबा. आकडे कुठे जायचे ते यंत्र ठरवतं. तुमचं बोट नाही.”

भोसीकरांनी माझ्याकडे पाहिलं. सगळं केंद्र त्यांना तात्या म्हणायचं. मी भोसीकर म्हणायचो. अंबादास भोसीकर, कृषी सहायक, नोकरी एकतीस वर्षं, निवृत्तीला पाच आठवडे बाकी. काम एकच. वाफ्यातली कणसं कापायची, मळायची, दाणे तोलायचे आणि आकडा लिहायचा.

त्या केंद्रात मी का होतो, हे मला तेव्हा रोज सकाळी वाटायचं. पुण्यात माझ्यासोबतची मुलं परदेशी कंपन्यांत चिकटली होती. मी इथे, जिथे विभागप्रमुख ईमेलची छापील प्रत काढून तिच्यावर ‘पाहिले’ असं लिहून सही करायचे. टॅबची गोष्ट मी एकदा सगळ्या कर्मचाऱ्यांना समजावून सांगितली होती. टॅब म्हणजे कीबोर्डवरची एक कळ. ती दाबली की कर्सर उडी मारून पुढच्या रकान्यात जातो. डोळ्यांना मोकळी जागा दिसते, पण फाइलमध्ये ते एक स्वतंत्र अक्षर असतं. शेवटी लेखनिक बाईंनी विचारलं, “म्हणजे स्पेसच ना?” गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

त्या वर्षी प्रभुण्यांनी परिपत्रक काढून शेतावरच्या नोंदवह्या बंद केल्या होत्या. केंद्र आधुनिक झालं असं मुख्यालयाला दाखवायचं होतं. आता आकडे थेट संगणकात. भोसीकरांना गोदामाच्या कोपऱ्यात एक जुना संगणक दिला आणि एका दुपारी मी त्यांना शिकवलं. आकडा, टॅब, आकडा, टॅब, ओळ संपली की एंटर. ते उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायचे. कळ दाबण्याआधी बोट वर थांबायचं, कळ शोधायचं, आणि मग किड्याला चिरडावं तसं खाली यायचं. मला ते बघवत नसे. मी बाहेर जाऊन चहा पीत असे.

हंगाम संपला. एकवीस वाणांची चाचणी होती. प्रत्येक वाणाचे सहा वाफे, पहिले तीन कोरडवाहू आणि पुढचे तीन एक पाणी दिलेले. एकवीस ओळी, ओळीत सहा आकडे. भोसीकर फ्लॉपी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पायांत मातीने भरलेल्या चपला, त्या त्यांनी बाहेर काढल्या.

“साहेब, एक सांगायचं होतं.”

“फाइल आहे ना यात?”

“हाय. पण चौदा नंबरला काय झालंय की...”

“भोसीकर, फाइल आहे ना? मग झालं. ठेवा.”

त्यांनी फ्लॉपी टेबलावर ठेवली, क्षणभर उभे राहिले आणि गेले.

आता ती फाइल प्रभुण्यांच्या प्रोग्रॅमला भरवायची होती. हा प्रोग्रॅम साहेबांनी पीएचडीच्या वेळी लिहिला होता आणि पोटच्या पोरासारखा जपला होता. त्याला टॅब कळत नसे. प्रत्येक आकडा मोजून दहा जागांच्या रकान्यात हवा, मधे नुसत्या स्पेस. म्हणजे टॅब काढून स्पेस घालायच्या. त्यासाठी एक सरळ आज्ञा आहे, एक्स्पांड. तिला रकाना दहाचा आहे एवढं सांगितलं की ती प्रत्येक टॅबच्या जागी पुढच्या रकान्यापर्यंत लागतील तेवढ्या स्पेस भरते. एक ओळ टाइप करायची आणि काम संपलं.

पण सरळ काम करेल तो ओझरकर कसला? मला दिसत होतं ते भोसीकरांचं बोट. एकदा दाबायचं तिथे हा माणूस दोनदा दाबणार, तीनदा दाबणार, मधेच स्पेसही मारणार. एक्स्पांड बिचारी त्या सगळ्या गचाळपणाला इमानदारीने जागा देत बसेल. म्हणून मी टी-आर नावाची दुसरी आज्ञा घेतली आणि तिला सांगितलं, एकापुढे एक कितीही टॅब असोत, स्पेस असोत, सगळ्यांची मिळून एकच स्पेस कर. मग आणखी एका आज्ञेने आकडे दहा-दहाच्या रकान्यांत बसवले. पडद्यावर एकवीस ओळी कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या दिसल्या. म्हाताऱ्याचा पसारा एका फटक्यात आवरला म्हणून मी स्वतःवर खूश झालो.

निकाल आला आणि केंद्रात खळबळ उडाली. कोरडवाहू वाफ्यांत पहिला नंबर चौदाव्या वाणाचा. आणि पहिला म्हणजे किती पहिला! बाकी सगळे दोन किलोच्या आसपास घुटमळत होते, हा पावणेतीनला.

चौदा नंबर भोसीकरांचा होता. म्हणजे कागदावर केंद्राचाच, पण पंधरा वर्षांपूर्वी एका डोंगराळ गावातून त्याची कणसं पिशवीत घालून त्यांनीच आणली होती. दर हंगामात प्रभुण्यांच्या मागे लागून ते त्याला चाचणीत ठेवून घेत. “दाणा बारका हाय, पण पाऊस रुसला तरी हा रुसत न्हाई,” असं ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत. आता सगळ्यांनी दोनात दोन मिळवले. निवृत्तीच्या आधी म्हाताऱ्याने आपल्या लाडक्याला आकडे वाढवून पहिला आणला. शिवाय त्या ओळीतला शेवटचा, सहावा रकाना रिकामा होता. खोटं लिहिताना घाईत एक आकडा राहून गेला, असा अर्थ प्रभुण्यांनी काढला. मीही मान डोलावली.

म्हणून ही समिती. आणि समितीपुढे प्रश्न फक्त त्या एका ओळीचा नव्हता. इनामक्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, यंदाचे आकडे खोटे ठरले तर मागच्या एकतीस वर्षांच्या नोंदींवर विसंबता येणार नाही. भोसीकरांच्या हातचं सगळं संशयास्पद म्हणून बाजूला काढावं लागेल.

“तिसऱ्या वाफ्यात रानडुकरं घुसली होती, साहेब,” भोसीकर सांगत होते. “पार तुडवला. एक कणीस ऱ्हायलं न्हाई. त्याचं वजन मी कुठून आणू? शून्य लिहावं तर तेबी खोटं, पिकलं न्हाई असं व्हईल. म्हून जागा मोकळी सोडली.”

“कुठे मोकळी आहे?” इनामक्यांनी छापील कागद पुढे सरकवला. “तिसऱ्या वाफ्यात चार पॉइंट दोन लिहिलंय. मोकळी जागा शेवटी आहे.”

“म्हून तर सांगतो, दोनदा दाबलंय.”

आणि मी हसलो, ते आधी सांगितलंच आहे.

भोसीकरांनी खिशातून खाकी पुठ्ठ्याची छोटी वही काढली. “हितं लिवलंय बगा. तारीख हाय, डुकरं आली त्या दिवसाची.”

“ही खासगी वही आहे,” प्रभुणे म्हणाले. “नोंदवह्या बंद केल्यात. परिपत्रक वाचलंत ना?”

“वाचलं. पर सवय जात न्हाई.”

“मग हा पुरावा होत नाही. काल रात्री बसूनसुद्धा लिहिता येईल.”

भोसीकरांनी वही परत खिशात घातली. मग ते एकदम म्हणाले, “साहेब, चौदा नंबर पहिला न्हाईच. मी सांगतो ना. सहावा हाय. पहिल्या पाचात येत न्हाई तो. सहाव्या नंबरचा हाय तर सहाव्यावर ठेवा.”

ज्याच्यावर आपला वाण पहिला आणल्याचा आरोप होता, तोच माणूस हात जोडून सांगत होता की तो पहिला नाही. तीन पदव्युत्तर डोकी समोर बसली होती, आणि यातली गंमत एकाच्याही ध्यानात आली नाही. उरलेली सुनावणी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ठेवून इनामके जेवायला उठले.

दुपारी चारला मी भोसीकरांची मूळ फाइल उघडली. का उघडली ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला प्रभुण्यांची करमणूक करायची होती. म्हाताऱ्याचं बोट किती ठिकाणी अडखळलंय ते मोजायचं आणि दुसऱ्या दिवशी समितीला आकडा सांगायचा. चाळीस, पन्नास, जे असेल ते. टॅब डोळ्यांना दिसत नाही, पण तो खुणेने दाखवायचीही आज्ञा असते. ती दिली.

एकवीस ओळी. प्रत्येक दोन आकड्यांच्या मधे एक टॅब. फक्त एक. जास्तीची एकही स्पेस नाही, ओळीच्या शेवटी कचरा नाही. इतकी स्वच्छ फाइल मी स्वतःही लिहीत नसे. आणि सबंध फाइलमध्ये एकाच जागी दोन टॅब पाठोपाठ होते. चौदाव्या ओळीत, दुसऱ्या आकड्यानंतर.

मी बराच वेळ त्या जागेकडे बघत बसलो. तिसरा रकाना तिथे होता, रिकामा आणि व्यवस्थित. ते दोन टॅब मी एक करून टाकले होते, त्याबरोबर तो रकानाही गेला आणि पुढचे आकडे एकेक घर अलीकडे सरकले होते. पाणी दिलेल्या वाफ्याचे चार पॉइंट दोन कोरडवाहूत येऊन बसले होते. शेवटी रिकामा राहिलेला रकाना त्यामुळेच.

मग मी एक्स्पांड दिली. प्रभुण्यांचा प्रोग्रॅम पुन्हा चालवला. चौदा नंबर सरासरी दोन किलो, क्रमांक सहावा.

छापील कागद हातात घेतला. वाचला. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. उद्या समितीपुढे ठेवायचा, असं ठरवलं. सांगायची वाक्यंसुद्धा मनात जुळवली. ‘सर, रूपांतर करताना माझ्याकडून एक चूक झाली आहे.’ एवढंच वाक्य. पुढे माझी मुलगी दुसरीत असताना याहून अवघड वाक्यं बोलायची.

सकाळी साडेदहाला प्रभुण्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. हा माणूस स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याला चहा पाजत नसे.

“ओझरकर, इनामके साहेब तुमच्यावर खूश आहेत. फाइल किती नेटकी म्हणाले. नेमणुका कायम करणाऱ्या मंडळावर ते आहेत, माहीत आहे ना?”

“हो सर.”

“तुमचं नाव मी सुचवलंय. आज जरा नीट बोला.”

मी चहा प्यायलो. खिशातला कागद छातीला टोचत होता, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. टोचत नव्हता. पातळ कागद होता, विसरायला झालं होतं.

अकरा वाजता इनामक्यांनी पहिलाच प्रश्न मला विचारला. “ओझरकर, संगणकाकडून असे आकडे सरकू शकतात का? यंत्राची चूक होऊ शकते?”

“यंत्राची नाही, सर,” मी म्हणालो.

खरंच बोललो. यंत्राची चूक नव्हतीच. त्यांनी माणसाबद्दल विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

भोसीकर माझ्याकडे बघत होते. रागाने म्हणावं तर तसंही नाही. काट्यावर दाणे टाकून पारडं थांबायची वाट बघतात, तसे बघत होते. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि पुढची वीस मिनिटं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

निर्णय लगेच झाला. सेवापुस्तकात ठपका. एकतीस वर्षांच्या नोंदी संशयास्पद म्हणून वेगळ्या काढायच्या, त्यांचा कुठल्याही अहवालात आधार घ्यायचा नाही. चौदा नंबर चाचणीतून बाद.

“माझं काय लिवायचं ते लिवा,” भोसीकर म्हणाले. “पर चौदा नंबर काढू नका, साहेब. त्यानं काय केलंय?”

“तात्या, आता पुरे,” प्रभुणे म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत मी गोदामात गेलो. भोसीकर जमिनीवर बसून तोलायच्या काट्याची पारडी फडक्याने पुसत होते. मला पाहून उठले नाहीत. आजवर दर वेळी उठत.

“भोसीकर,” मी म्हणालो, आणि मग, “तात्या.”

“बोला.”

“तुमचं बरोबर होतं. दोन टॅब होते. मी... माझ्या आज्ञेने ते एक झाले.”

“ठावं हाय.”

“ठाऊक आहे? कधीपासून?”

“पहिल्या दिवशी कागद बघितला तवापासून. तिसऱ्यात चार पॉइंट दोन? तो आकडा चौथ्या वाफ्याचा. ह्याच काट्यावर तोललाय मी. कुठला आकडा कुणाचा ते मला कळत न्हाई व्हय?”

“मग स्पष्ट सांगायचं ना, की ओझरकरांनी घोळ घातला.”

“सांगितलं की. दोनदा दाबलंय म्हनलो. तुमी हसला.”

मी खिशातून कागद काढला. “हे बघा. बरोबर निकाल. सहावा नंबर आहे, तुम्ही म्हणत होता तसाच. इनामके साहेब तीनला निघणार आहेत. तुम्ही हा त्यांना दाखवा.”

भोसीकरांनी पारडं खाली ठेवलं.

“मी दावू?”

“हो. म्हणजे... मूळ फाइल मागून घ्या म्हणावं. मग आपोआप...”

“कवा काढला ह्यो कागद?”

“काल. दुपारी.”

“काल दुपारी,” ते म्हणाले. “आन सकाळी खिशात घेऊन बसला व्हता, माझ्या समोरच्या खुर्चीवर.”

मी कागदाची पुन्हा घडी घातली.

“साहेब, तुमी आल्यापासून मला वाटायचं, पोरगं लई गर्वाचं हाय. चालतंय. शिकलेलं हाय, वय हाय, गर्व असायचाच. गर्वाच्या माणसाला आपली चूक सापडली तर त्यो निदान जळतो तरी. तुमी तर चहा पिऊन आला.” त्यांनी पुन्हा फडकं उचललं. “तुमच्यात ते गर्वाचंबी काय न्हाई. ठेवा तो कागद. चपला काढल्या न्हाईत तुमी, बियाणं हाय हितं खाली. बघून पाय टाका.”

मी खाली पाहिलं. पोत्यावर कसले तरी बारके दाणे पसरले होते आणि माझा बूट त्यांच्यावर होता. मी बाहेर आलो.

लाज वाटली. इनामक्यांच्या गाडीपर्यंत जावं असंही वाटलं. गाडी पोर्चमध्ये उभी होती, मी आंब्याच्या झाडाखाली उभा होतो. मधे तीस पावलं असतील. त्यांनी खिडकीतून हात हलवला. मीही हलवला.

लाज वाटणं म्हणजे काहीतरी करणं, असा माझा तेव्हा समज होता. पुष्कळांचा असतो. त्यावर आयुष्य निघतं.

साडेतीनला प्रभुणे माझ्या टेबलापाशी आले. “अहवाल आजच जायला हवा. चौदावी ओळ काढून टाका फाइलमधून.”

“काढून टाकू?”

“बाद झालाय ना तो वाण? मग ओळ कशाला? आणि गोदामात सांगा, त्याचं बियाणं कोंबड्यांच्या खाद्यात द्या म्हणावं. जागा अडवायला नको.”

ओळ काढायलासुद्धा एक आज्ञा असते. ओळीचा क्रमांक लिहायचा, त्यापुढे एक अक्षर. मी ती टाइप केली. आधी विचार केला असेन, हात थरथरला असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. माझी बोटं कीबोर्डवर कधीच अडखळत नसत. एंटर दाबलं आणि पडद्यावर वीस ओळी उरल्या. आकड्याखाली आकडा, रकान्याखाली रकाना, मधे कुठेही मोकळी जागा नाही. प्रभुणे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. ते म्हणाले, “वा! याला म्हणतात काम.”

“थँक्यू सर,” मी म्हणालो.